शाल, श्रीफळ आणि ऑफसाइड

आमच्या मराठी मंडळाच्या मुखपत्राच्या गेल्या अंकात कुमुदताई नाबर यांच्यावर श्रद्धांजलीचं एक पान होतं. त्यात एक वाक्य असं होतं : 'गुडघ्यांच्या त्रासामुळे त्यांनी कॉलेजच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षपदावरून स्वेच्छेने निवृत्ती घेतली.'

हे वाक्य खोटं आहे. कुमुदताईंचे गुडघे शेवटपर्यंत माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगले होते, आणि स्वेच्छेने त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट सोडली, ती म्हणजे साखर. तीसुद्धा फक्त चहातली. ते पान मीच लिहिलं होतं. छापून येण्याच्या कितीतरी आधी हेच खोटं मी भरल्या सभेत बोललोही होतो. तेव्हा दुरुस्ती मीच करायला हवी. संपादक म्हणाले, "पित्रेकाका, पुढच्या अंकात दोन ओळींचं शुद्धिपत्र टाकू." पण कुमुदताई दोन ओळींत मावणाऱ्या नव्हत्या. त्यांना सबंध पान दिलं तरी त्यांनी समासात काहीतरी लिहिलं असतं.

कुमुदताई आमच्याच स्टॅनमोरच्या. लग्न होऊन दादरहून इथे विलायतेत आल्या आणि जवळच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवू लागल्या. इथलं कॉलेज म्हणजे शाळा संपलेली आणि युनिव्हर्सिटी सुरू न झालेली, सोळा ते एकोणीस वयाची मुलं. घरात त्यांना कोणी मोठं समजत नाही आणि बसमध्ये कोणी लहान समजत नाही. अशा मुलांशी कुमुदताईंचं फार जमे. नवऱ्याच्या मागे एकट्या राहायच्या, मूलबाळ नव्हतं, पण 'मला कोणी नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. उलट 'मला जरा एक दिवस कोणी नको' हे मात्र पुष्कळदा ऐकलं.

फुटबॉल क्लबच्या अध्यक्ष त्या केवळ हीटरमुळे झाल्या. क्लबची वार्षिक सभा हिवाळ्यात व्हायची, आणि त्या वर्षी बाकीच्या खोल्या थंडगार, केमिस्ट्रीची लॅब तेवढी गरम. मुलं तिथे जमली. कुमुदताई कोपऱ्यात पेपर तपासत बसल्या होत्या. आधीचा अध्यक्ष नोकरी सोडून गेला होता, नवा मिळत नव्हता. कोणीतरी म्हणालं, "मिस, खोली तुमची आहे, तुम्हीच व्हा." कुमुदताईंनी लाल पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "सूचक कोण? आणि अनुमोदक?"

हे त्यांच्या रक्तात होतं. वडील दादरच्या एका छोट्या वाचनालयाचे चिटणीस. इतर मुलींनी आजीच्या गोष्टी ऐकल्या तशा यांनी ठराव, उपसूचना आणि हरकतीचे मुद्दे ऐकले. सभा नीट झाली तर जगात भांडण उरणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. 'टाळ्या पडल्या की ठराव मंजूर' हे वडिलांचं वाक्य. मतं मोजायला वेळ नसेल तर अध्यक्षाने सभागृहाकडे बघायचं, टाळ्या पडल्या की विषय संपला, मग देव आला तरी मागे फिरायचं नाही.

त्यामुळे आमच्या कॉलेजच्या क्लबात जगातल्या कुठल्याही फुटबॉल क्लबात नसतील अशा प्रथा पडल्या. प्रत्येक सामन्याआधी सभा व्हायची. मुलं चेंजिंग रूममध्ये कपडे बदलत असायची, म्हणून कुमुदताई बंद दाराबाहेर उभं राहून अध्यक्षस्थान भूषवायच्या. साडी, वर गुडघ्यापर्यंत येणारा फुगीर पफर कोट, पायांत रबरी वेलिंग्टन बूट. दाराला तोंड लावून विचारायच्या, "आज कॅप्टन कोण? सूचना मांडा." आतून सोमाली, पोलिश, तमिळ, गुजराती गळ्यांतून आवाज यायचे, "आय प्रपोज अली, मिस." "सेकंडेड, मिस." मग टाळ्या. एकदा मी सामना बघायला गेलो होतो, तर समोरच्या टीमचा कोच हे बघून मला म्हणाला, "इज शी ओके?" मी म्हटलं, "त्यांचं ठीक आहे. तुमच्या टीमची सभा झाली का?"

सामना संपला की आभारप्रदर्शन. आमच्यातल्या एका मुलाने पुढे येऊन समोरच्या टीमचे, रेफरीचे, पाऊस असेल तर पावसाचेही आभार मानायचे. एका मुलाला संपूर्ण सामनाभर लाथा बसल्या होत्या. त्याने उभं राहून गंभीरपणे सांगितलं, "त्यांच्या पाच नंबरने माझ्या नडगीवर जी आठवण ठेवली आहे, तिच्याबद्दल क्लब त्यांचा ऋणी आहे." तो पाच नंबर पुढे येऊन त्याला मिठी मारून गेला. कुमुदताई म्हणाल्या, "बघा. रेड कार्डाने हे झालं असतं का?"

आणि एक नियम. तो क्लबच्या घटनेत पहिलाच होता, त्यांनीच घातलेला : जो प्रॅक्टिसला आला, तो सामन्यात खेळला. निदान अर्धा सामना तरी. चांगला, वाईट, जाडा, चष्म्याचा, कोणीही. साहजिकच आमची टीम बहुतेक सामने हरायची, आणि साहजिकच प्रॅक्टिसला इतकी मुलं यायची की मैदानावर उभं राहायला जागा नसायची.

मला फुटबॉल कळतो. क्रॉयडनच्या एका ऑफिसात हिशेब तपासण्यात सारी नोकरी गेली, पण शनिवार माझे फुटबॉलचे होते. कुमुदताईंना खेळ कळत नाही याचा मला त्रास व्हायचा. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या असताना मी टेबलावर मिठाची बाटली, मिरपुडीची बाटली आणि लोणच्याचा सट मांडून त्यांना ऑफसाइड समजावून दिलं. पास दिला त्या क्षणी आपला खेळाडू समोरच्या शेवटच्या बचाव खेळाडूच्या पुढे गेलेला असेल तर तो ऑफसाइड, गोल रद्द. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे पुढे गेला हाच त्याचा गुन्हा?"

"वेळेच्या आधी पुढे गेला."

"अहो पित्रे, वेळेच्या आधी पुढे जाणाऱ्यांना आपल्याकडे बढती मिळते." आणि मिरपूड उचलून कोशिंबिरीवर घातली. "राहू दे. मला ऑफसाइड न कळलेलंच बरं. कळायला लागलं तर मी पक्षपात करीन."

माझी बायको शैला इतकी हसली की पोळी तव्यावर करपली.

पण कुमुदताईंची खरी विद्या ऑफसाइडच्या पलीकडची होती, आणि ती मी गॅरीच्या वेळी पाहिली.

गॅरी हा कॉलेजने अर्धवेळ नेमलेला कोच. माणूस मनाने वाईट नसावा, पण गळा वाईट होता. मुलांवर ओरडायचा, नावं ठेवायचा. त्याचा मुख्य बळी निखिल. निखिलचे आईवडील नागपूरचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. पोरगा अंगाने थोराड, स्वभावाने गरीब, आणि पळायला लागला की पळतोय हे सांगावं लागायचं. पण एकही प्रॅक्टिस चुकवायचा नाही. मराठी इथल्या मुलांचं असतं तसं. "कुमुदआजी, कोच म्हणतो मी फ्रिज आहे. फ्रिज स्लो असते का?" कुमुदताई म्हणाल्या, "फ्रिज घरात सगळ्यात महत्त्वाचा असतो. तू पुढे खेळ. तिथे निदान आपल्या गोलचं काही बिघडणार नाही."

गॅरीविरुद्ध रीतसर तक्रार करायची तर कॉलेजची पद्धत अशी की निकाल लागेपर्यंत मुलांना मिशा फुटल्या असत्या. कुमुदताईंनी तक्रार केली नाही. त्यांनी गॅरीचा सत्कार केला. कॉलेजच्या कँटीनमध्ये समारंभ. वेम्ब्लीच्या देशी दुकानातून आणलेली शाल, श्रीफळ, हार. त्यांनी भाषण केलं : गॅरी यांची क्लबसाठीची प्रदीर्घ सेवा, त्यांचा खणखणीत आवाज, त्यांनी घालून दिलेला पाया, आता हा वारसा पुढच्या पिढीने कसा चालवावा. गॅरीला येऊन चारच महिने झाले होते. पण खांद्यावर शाल पडल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नोबडी एव्हर डिड धिस फॉर मी," म्हणाला आणि नारळ पोटाशी धरून उभा राहिला.

पुढच्या सोमवारी शिट्टी घेऊन मैदानावर आला, तर सगळ्यांना आश्चर्य. मुलं त्याच्याशी हात मिळवून विचारू लागली, आता पुढे काय करणार, कुठे फिरायला जाणार. कुमुदताई म्हणाल्या, "अरे गॅरी, राहवलं नाही ना? भेटायला आलास, छान केलंस." त्याने शिट्टी खिशात घातली. मग त्यालाच शंका आली असावी. पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. दर ख्रिसमसला मात्र कुमुदताईंना त्याचं कार्ड यायचं. नारळ त्याने फायरप्लेसवर ठेवला होता, असं त्याने एका कार्डात कळवलं.

मी त्यांना म्हटलं, "कुमुदताई, हे जरा जास्तच झालं."

"अहो, भांडलं की माणूस चिकटतो. सत्कार केला की सुटतो. शाल पांघरली की खांदे अडकतात, नारळ दिला की हात अडकतात. नारळ धरून कोणी भांडलंय का कधी? आणि टाळ्या पडल्या की माणूस स्वतःच्या विरुद्ध काही बोलू शकत नाही. आपल्या लोकांनी एवढं एक शस्त्र शोधून काढलंय, आणि ते आपण फुकट समारंभात वाया घालवतो."

हे मी लक्षात ठेवलं. नको तितकं.

निवृत्तीनंतर मी त्याच कॉलेजच्या गव्हर्नर्सच्या बोर्डावर गेलो. हे बोर्ड म्हणजे कॉलेजचा कारभार बघणारी बिनपगारी मंडळी. मी उपाध्यक्ष, आणि अध्यक्ष हेलन नावाच्या बाई, सरळ आणि कामाच्या. तोवर कुमुदताईंचं शिकवणं सुटलं होतं, पण क्लबच्या अध्यक्षपदी त्याच होत्या. अध्यक्षाने कधी जावं हे घटनेत नव्हतं. घटना कोणी लिहिली होती, हे सांगायला नको.

कॉलेजला वाईट दिवस आले होते. इथे सरकारी अनुदान दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या डोक्यामागे मिळतं, आणि आमची डोकी कमी होत चालली होती. अशा वेळी एक कंपनी आली. आजकाल बऱ्याच कॉलेजांत हे चालतं : कंपनी 'फुटबॉल ॲकॅडमी' काढते, बसभर मुलं आणते. ती मुलं सकाळी थोडा कोर्स करतात, दुपारभर फुटबॉल खेळतात आणि संध्याकाळी व्यावसायिक खेळाडू व्हायची स्वप्नं बघतात. कॉलेजला डोकी मिळतात, कंपनीला मैदान मिळतं. सगळ्यांचं भलं. फक्त कंपनीला लीगमधली आमची जागाही हवी होती, आणि ती जागा क्लबच्या नावावर होती. क्लबच्या अध्यक्षांच्या संमतीशिवाय ती हलत नव्हती.

कंपनीचा माणूस जेसन. पांढराशुभ्र ट्रॅकसूट, हातात टॅब्लेट. क्लबच्या सभेत त्याने रंगीत चित्रं दाखवून 'प्लेअर पाथवे' समजावला. निवड चाचणी, मग विकास गट, मग पहिली टीम.

कुमुदताईंनी विचारलं, "आणि ज्याची निवड होणार नाही, तो कुठे जाणार?"

"ही कॅन सपोर्ट द टीम."

"म्हणजे टाळ्या वाजवायच्या."

"एक्झॅक्टली," जेसन खूश होऊन म्हणाला.

"टाळ्यांची किंमत तुम्हाला माहीत नाही, जेसन," कुमुदताई म्हणाल्या, आणि सभा चहासाठी तहकूब केली. चहाला म्हणून दोन मुलांना बाहेर पाठवलं आणि ती परत यायच्या आत गणसंख्या अपुरी असल्याचं जाहीर केलं. पुढच्या सभेत त्यांनी जेसनच्या प्रस्तावाला इतक्या उपसूचना घेतल्या की शेवटी त्यात कंपनीने मुलांना पोहायला शिकवावं असंही एक कलम आलं. तिसऱ्या सभेत त्यांनी मागच्या दोन्ही सभांचा वृत्तांत वाचून दाखवला, सावकाश, स्वल्पविरामासह. जेसन टॅब्लेटवर डोकं टेकून बसला होता.

मी बोर्डाच्या वतीने मागच्या रांगेत होतो. मनातून मला हसू येत होतं. हेलनने मला बाजूला घेतलं. "मनोहर, हे झालं नाही तर दोन वर्षांत आपण बंद पडू. शी लिसन्स टू यू."

कुमुदताई कोणाचंच ऐकत नसत. तरी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पोहे केले होते, वर ओलं खोबरं. मनाशी वाक्य ठरवलं होतं : कुमुदताई, या वेळी तुम्ही चुकता आहात, मी तुमच्या विरुद्ध आहे. ते वाक्य तोंडाशी घेऊन मी दोन बशा पोहे खाल्ले, हवेबद्दल बोललो, त्यांच्या गॅसच्या बिलाबद्दल बोललो आणि घरी आलो. चाळीस वर्षांची ओळख. त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणायची मला सवयच नव्हती.

मग मी त्यांचा सत्कार ठरवला.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात, हॅरोच्या हॉलमध्ये. कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. त्यांचा सत्कार व्हावा अशीच त्यांची कामगिरी होती. हॉल भरला. क्लबची मुलं शर्ट खोचून आली होती. निखिल आईवडिलांबरोबर पहिल्या रांगेत होता. हेलनने साडी नेसायचा प्रयत्न केला होता. मी भाषण केलं, आणि मला सांगायला लाज वाटते की चांगलं केलं. दारामागची सभा सांगितली, नडगीचं आभारप्रदर्शन सांगितलं, लोक हसून हसून लोटपोट झाले. कुमुदताईसुद्धा हसत होत्या. आणि त्या हसण्यातच मी ते वाक्य सोडून दिलं : "गुडघ्यांच्या त्रासामुळे कुमुदताईंनी आता अध्यक्षपदावरून स्वेच्छेने निवृत्त व्हायचं ठरवलं आहे. त्या यापुढे आपल्या तहहयात मानद अध्यक्ष राहतील."

मानद म्हणजे मत नसलेल्या.

कुमुदताईंनी आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

तोवर टाळ्या पडल्या होत्या. हॉल उभा राहिला होता. निखिल सगळ्यांत जोरात वाजवत होता. त्याला वाटलं बढती मिळाली. हेलनने शाल पांघरली, मी नारळ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला.

उत्तरादाखल त्या थोडंच बोलल्या. "पित्र्यांनी फार मनापासून केलं. सत्कार करायला ते कुठे शिकले, हे मला माहीत आहे. तेव्हा मी त्यांच्या शिक्षिकेचेही आभार मानते." लोक हसले. ही शिक्षिका म्हणजे शैला असावी, असं बऱ्याच जणांना वाटलं.

त्यांनी उठून 'हे खोटं आहे' म्हटलं असतं तर? मी तेव्हा हाच विचार करत होतो आणि त्या म्हणणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. टाळ्या पडल्या की ठराव मंजूर. वडिलांच्या वाचनालयापासूनचा नियम. स्वतःवर उलटला म्हणून त्या तो मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या एका खात्रीवर माझा सगळा डाव उभा होता. पुढच्या सभेत नवा अध्यक्ष आला, त्याने संमती दिली, लीगमधली जागा कंपनीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदताई स्वतः दारात. हातात स्टीलचा डबा. आत नारळाच्या वड्या, केशर घातलेल्या.

"तुमचाच नारळ," म्हणाल्या. "गोड निघाला."

शैलाने चहाला थांबा म्हटलं, पण त्या थांबल्या नाहीत. "किती सुरेख झाल्यात," शैला म्हणाली. "तुम्ही का खात नाही?" मी म्हटलं, शुगर. मला शुगर नाही.

आता हेही सांगायला हवं. कंपनी आणणं हा निर्णय चूक होता, असं मी आजही ठामपणे म्हणणार नाही. कॉलेज उघडं आहे. माझं ओझं वेगळं आहे. जे समोर बसून सांगायचं, ते मी शालीत गुंडाळून दिलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. निवड चाचणी झाली. निखिल अर्ध्या मैदानापर्यंत पोहोचायच्या आत बाद झाला. प्रॅक्टिसला गर्दी करणारी बाकीची मुलंही तशीच. मैदानाला कुंपण आलं, फाटकाला आकड्यांचं कुलूप. आभारप्रदर्शन गेलं आणि त्या जागी सामन्याचं कॅमेऱ्यावर विश्लेषण आलं. काही वर्षांनी कंपनीला दुसरीकडे कृत्रिम गवताचं मैदान मिळालं, तशी ती आपली बस घेऊन तिकडे गेली. त्यातला एखादा मुलगा टीव्हीवर दिसल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी बोर्ड सोडलं तेव्हा फुटबॉलसाठी एक उपसमिती, एक सल्लागार आणि एक धोरण होतं. बैठकीत फुटबॉलवर तासभर चर्चा व्हायची आणि त्यात बॉल हा शब्द यायचा नाही.

कुमुदताई मात्र त्या सत्कारानंतरच्या पहिल्याच रविवारी कौन्सिलच्या पार्कात गेल्या होत्या, असं मला उशिरा कळलं. निवड न झालेली मुलं आणि दोन बॉल घेऊन. नियम तोच : जो आला, तो खेळला. मी त्या पार्काच्या बाजूने जाणं टाळू लागलो. मंडळात भेटलो की त्या नेहमीसारख्या बोलायच्या, चेष्टा करायच्या, आणि त्या विषयावर एक अक्षर काढायच्या नाहीत. ते सोसणं कठीण होतं. भांडल्या असत्या तर मी चिकटलो असतो.

शेवटी मला तिकडे नेलं ते डब्याने. वड्यांचा डबा आमच्याकडेच राहिला होता. मी तो कपाटात मागे सारला होता. शैलाला एकदा सापडला. "हा कुमुदताईंचा ना? इतकी वर्षं? आणि रिकामा का परत देतं कोणी?" तिने त्यात चिवडा भरला, मला कोट दिला आणि घराबाहेर काढलं. तो रविवार होता.

पार्कात वारा होता. सामना सुरू व्हायचा होता. कुमुदताई लाइनवर उभ्या होत्या. तोच कोट, तेच बूट. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंच्या गुडघ्यांवर एक शाल पसरलेली होती. जांभळ्या काठाची. चिखलाचे डाग पडले होते, पण मी ती ओळखली. मीच निवडली होती.

"आलात?" त्यांनी माझ्या हातात झेंडा दिला. "आमचा लाइन्समन आजारी आहे."

"कुमुदताई, मी फक्त डबा द्यायला..."

"डबा कुठे पळत नाही. जो आला, तो खेळला. आणि ऑफसाइड तुम्हाला कळतं, मला नाही."

असा मी लाइनवर उभा राहिलो. निखिल आता कॉलेज संपवून कुठेशी नोकरीला लागला होता, पण दर रविवारी यायचा. पुढेच खेळायचा. आजवर त्याने एकही गोल केला नव्हता. हे मला बाकावरच्या पोरांनी हसत हसत सांगितलं, आणि त्यानंतर लगेचच ते घडलं. मधून एक लांब पास आला. निखिल समोरच्यांच्या शेवटच्या माणसाच्या पुढे होता. चांगला पाऊलभर पुढे. सावकाश वळला, सावकाश पाय उचलला, आणि बॉल सरळ जाळ्यात गेला. तो स्वतःच थबकला. मग दोन्ही हात पसरून त्याने बाकाकडे बघितलं, आणि बाकावरची मुलं शाल उडवून धावत सुटली.

मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या थर्मासचं झाकण लावत होत्या. अगदी मन लावून.

मी झेंडा वर केला.

रेफरीने शिट्टी मारली, गोल रद्द. निखिल माझ्याकडे वळला. "आजोबा, सीरियसली?"

कुमुदताई लाइनच्या कडेने चालत माझ्यापर्यंत आल्या.

"ऑफसाइड होता?"

"होता."

"टीम माझी आहे, हे दिसत होतं?"

"दिसत होतं."

"पोराचा पहिला गोल, हेही माहीत होतं?"

"आत्ताच कळलं."

त्यांनी थर्मास काखेत मारला. "म्हणजे तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणता येतं की. मला वाटलं, जन्मतःच नाही येत." आणि मग, जाता जाता : "तेव्हा एवढंच केलं असतंत तर मी भांडले असते. हरलेही असते. पण नारळ किसत बसावं लागलं नसतं."

हाफ-टाइमला त्यांनी सगळ्यांना रिंगण करून उभं केलं. दोन्ही टीम, रेफरी, कुत्रा फिरवायला आलेले एक गृहस्थसुद्धा. बाकावरची शाल उचलली, झटकली आणि माझ्या खांद्यांवर घातली.

"श्री. मनोहर पित्रे," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "यांनी अर्धा सामना इतकी प्रदीर्घ सेवा या लाइनवर केली. त्यांची नजर, त्यांचा प्रामाणिकपणा. गुडघ्यांच्या त्रासामुळे ते आता स्वेच्छेने निवृत्त होत आहेत."

माझ्या हातातून झेंडा गेला. नारळ नव्हता. हाफ-टाइमची संत्री होती, त्यातलं एक त्यांनी माझ्या हातावर ठेवलं आणि माझा दुसरा हात त्यावर मिटवला. टाळ्या पडल्या. निखिल सगळ्यांत जोरात वाजवत होता.

मला बोलायचं होतं. किती वर्षं ते वाक्य मी बरोबर घेऊन फिरत होतो, अहो कुमुदताई, माझं चुकलं, इतकंच. पण अंगावर शाल, दोन्ही हातांत संत्रं, आणि लोक टाळ्या वाजवताहेत. संत्रं धरून माफी मागता येत नाही. कुमुदताई माझ्याकडे बघून हसल्या, मोठ्यांदा नाही, नुसते डोळे, आणि "चला, दुसरा हाफ," म्हणून वळल्या.

त्या सामन्यानंतर त्या मला हिंडत्याफिरत्या दिसल्या नाहीत. त्या हिवाळ्यातच गेल्या. त्यामुळे मला दिसतात त्या त्याच दुसऱ्या हाफमधल्या, अशा : साडीचा घोळ बुटांत खोचलेला, माझा झेंडा त्यांच्या हातात, पण उलटा, छत्री मिटून धरावी तसा जमिनीकडे. बॉलच्या बाजूने लाइनवरून भराभर चालत आहेत, त्या गुडघ्यांनी, आणि निखिलला ओरडून सांगताहेत, "जा रे पुढे, अजून पुढे, कोणी काही म्हणत नाही."

निखिलने गोल केला. तो ऑफसाइड होता की नाही, मला सांगता येणार नाही. मी निवृत्त झालो होतो. बाकावर बसून संत्रं सोलत होतो.